नवं सॉफ्टवेअर घ्यावं, की आहे तेच नीट वापरावं? बेळगाव-चंदगड पट्ट्यातल्या कारखानदारांसाठी तुलना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, मालकांचा फोन आला. "हिशोबाचा मेळच लागत नाही हो. आता ईआरपी घ्यायचं ठरवलंय. पुण्याहून एकजण डेमो देऊन गेला. तुम्ही एकदा बघून सांगा." ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशोब एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर. मी गेलो तेव्हा ते केबिनमध्ये कोटेशन पुढ्यात घेऊन बसले होते. म्हटलं, कोटेशन राहू दे, आधी स्टोअरला जाऊया.

स्टोअरच्या टेबलावर तीन वह्या होत्या. एक आवकेची, एक जावकेची आणि तिसरीवर पेननं नुसतं 'शिनोळी' लिहिलेलं. मशीनिंगला (मशीनवर नेमक्या मापाला आणायला) सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाणाऱ्या कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या भागांची, ही वही. एक पान उघडलं. ४१२ नग गेलेले. परत आलेले तीन खेपांत: १५०, १४० आणि १०६. म्हणजे ३९६. पुढं लाल पेननं 'ब्लो होल ९', म्हणजे आत हवेची पोकळी राहिल्यानं बाद झालेले नऊ. उरलेल्या सात नगांचं काय, असं स्टोअरच्या मामांना विचारलं.

"ते पुढच्या लॉटात आल्यात बघा. त्यात मिळवलंय की."

पुढच्या लॉटच्या पानावर पाचच नग जास्त निघाले. मग ऑफिसात येऊन टॅली हे त्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात विक्रीची बिलं होती, खरेदीची बिलं होती, बँक होती. शिनोळीला गेलेल्या मालाची एकही नोंद नव्हती. स्टॉक वर्षातून एकदा, मार्चअखेरीला, सीए साहेबांनी मागितला की भरला जायचा.

आता नवं सॉफ्टवेअर आणलं असतं, तर त्या दोन नगांचा पत्ता लागला असता का? मामांची वही जोवर वहीतच राहते, तोवर नाही. आणि वहीतलं संगणकात जायला लागलं असतं, तर जुन्या टॅलीतही तो लागला असता, कारण जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडे काम करून घ्यायला, गेलेला माल दाखवायची सोय त्यात होतीच.

मी गेली बावीस वर्षं या भागातल्या कारखान्यांचे हिशोब आणि संगणक दोन्ही सांभाळतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते पारखून घेता येईल. आपल्याकडच्या बहुतेक लहान कारखान्यांना आज नवं सॉफ्टवेअर लागत नाही. पण ज्यांना खरोखर लागतं, ते मात्र उगाच वर्षानुवर्षं ढकलत बसतात आणि रोज थोडं थोडं नुकसान सोसतात. तुम्ही यातले कुठले, हे डेमो बघून कळणार नाही.

एक बिल उलटं चालवून बघा

दोन महिन्यांपूर्वीचं विक्रीचं कुठलंही एक बिल काढा आणि तिथून मागं मागं जा. हा माल कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या कुठल्या धातूचा? ओतला कधी? फेटलिंगमध्ये (कास्टिंगवरचा जादा धातू काढून साफ करताना) किती गेला, मशीनिंगमध्ये किती गेला? बाहेर कुणाकडे, कुठल्या चलनानं गेला होता? किलोला खर्च किती पडला? पैसे कधी यायचे होते, कधी आले? एका माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला ते लिहायला सांगा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कुठंतरी उत्तर अडेल. तिथं थांबा आणि ते का अडलं ते बघा. माझ्या अनुभवात अडण्याची कारणं तीनच निघतात. पहिलं, ती गोष्ट कुणी लिहिलीच नव्हती. दुसरं, लिहिली होती पण वहीत, व्हॉट्सॲपवर नाहीतर सुपरवायझरच्या डोक्यात. तिसरं, संगणकात नोंद होती पण एका नोंदीवरून दुसरीवर जायला सॉफ्टवेअरमध्ये वाटच नव्हती.

यातलं फक्त तिसरं कारण सॉफ्टवेअरचं आहे. पहिल्या दोहोंसाठी माणूस, वेळ आणि शिस्त लागते. ती नसली तर लाखो रुपयांच्या ईआरपीतही मार्चअखेरीलाच स्टॉक भरला जाईल. उलट तुमचं बिल वारंवार तिसऱ्या कारणापाशी अडत असेल, तर माणसांना कितीही ओरडलात तरी उपयोग नाही. ती बिचारी एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहून दमलेली असतात.

कायद्याची भीती घालून विकणाऱ्यांबद्दल

"साहेब, आता कायद्यानंच कंपल्सरी झालंय" हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलंय की यावर सविस्तर लिहायला हवं. बंधनं आहेत, हे खरं. पण त्यातलं कुठलं तुम्हाला लागू आहे आणि त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवून घेतलेलं बिल): २०१७-१८ पासून कुठल्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला किंवा कंपनीला दिलेल्या बिलांसाठी ते सक्तीचं आहे. यंदा उलाढाल ४ कोटींवर आली म्हणून सुटका होत नाही, हे बऱ्याचजणांच्या लक्षात येत नाही. १० कोटी आणि त्याच्या वर असाल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं. बिल पंचवीस दिवस फाइलीत पडून राहत असेल, तर इथं धोका आहे.

एडिट लॉग: नोंद कुणी, कधी बदलली याचा माग ठेवणारं आणि तो बंद न करता येणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं झालं, पण ते कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. तुमची भागीदारी पेढी असेल किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर हा नियम तुमच्यासाठी नाही. मी अशा एका पेढीला ओळखतो, जिला याच नियमाचं नाव सांगून सॉफ्टवेअर विकलं गेलं. वाईट वाटतं, कारण तो पैसा त्यांच्या कामगारांच्या दिवाळीचा होता.

लहान पुरवठादारांचे पैसे: सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ठरल्या मुदतीत, लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर वर्षअखेरीला राहिलेली ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झालं. यासाठी पुरवठादारांपैकी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कुणाची आहे आणि कुणाचं बिल किती दिवसांचं झालंय, एवढंच रोज दिसायला हवं.

ही तिन्ही कामं आजच्या टॅलीप्राइममध्ये होतात. झोहो बुक्स किंवा बिझीसारख्या दुसऱ्या हिशोबी सॉफ्टवेअरची हीच गोष्ट. तेव्हा फक्त कायद्यासाठी ईआरपी घेऊ नका. जुनं टॅली ईआरपी ९ (नावात ईआरपी असलं तरी हे टॅलीचंच आधीचं रूप) अजून ओढत असाल, तर ते मात्र बदला. टॅलीप्राइम येऊन २०२० पासून इतकी वर्षं झाली. आणि त्यासोबत ऑफिसातला विंडोज १० वाला संगणकही बघा. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार थांबवला.

सीमेमुळं आपलं गणित वेगळं

पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या माणसानं दिलेला डेमो आपल्याला अपुरा पडतो तो इथं. उद्यमबागेतून मच्छ्याला टेम्पो गेला तर तो कर्नाटकातच राहतो. माल ५० हजारांच्या आतला असेल, तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी पोर्टलवरून काढायचा कागद, लागत नाही. तोच टेम्पो वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडून शिनोळीला गेला, की राज्य बदललं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना त्याची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. आठ हजारांच्या कास्टिंगलाही लागतं. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, रोजची ये-जा, आणि दर खेपेला चलन आणि ई-वे बिल.

आता जिथं चलन पुस्तकावर कार्बन घालून हातानं लिहिलं जातं आणि ई-वे बिलासाठी तीच माहिती पोर्टलवर पुन्हा टाइप होते, तिथं काय होतं ते मी रोज बघतो. चलनावर २४० नग, ई-वे बिलावर २०४. टेम्पो वाटेत अडला की दुपारचं काम बुडालं.

शिवाय कच्चा माल जॉबवर्कला पाठवल्यापासून एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं कायदा धरतो आणि कर व्याजासकट भरावा लागतो. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर यांना ती लागू नाही. जॉबवर्कचं आयटीसी-०४ हे विवरण ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सहामाही आणि बाकीच्यांना वार्षिक द्यावं लागतं. 'शिनोळी' लिहिलेल्या वहीवरून ते भरायला बसलं की आठवडा जातो. मामांच्या ४१२ नगांच्या पानाची आठवण मला तिथंच येते.

आणखी एक बारीक गोष्ट. चंदगड तालुक्यातल्या काही पार्ट्यांच्या पत्त्यात 'व्हाया बेळगाव' असतं. ते वाचून नव्या मुलीनं राज्य कर्नाटक टाकलं आणि महिनाभर आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराऐवजी) दोन राज्यांतर्गत कर लागत राहिले, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. तो कर योग्य खात्यात नव्यानं भरायचा आणि चुकीचा परत मागायचा, हा त्रास ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. कर्नाटकाला २९, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. नंबर टाकला की राज्य आपोआप यायला हवं आणि हातानं बदलू नये. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना हे समोर करून बघा.

कोल्हापूरला डेपो असेल, तर तिथली नोंदणी वेगळी आणि इथून तिथं माल हलवला तरी तो करपात्र पुरवठाच. पगारपत्रकातही दोन राज्यांचा व्यवसाय कर वेगळा. दोन्हीकडे माणसं असतील, तर दोन्ही कोष्टकं एका जागी चालतात का ते विचारा.

आता समोरासमोर

*आहे तीच टॅली, पण पूर्ण वापरून.* माझ्या दृष्टीनं हा पर्याय सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला आहे. मटेरियल आउट, मटेरियल इन या नोंदी, बाहेर पडलेल्या मालासाठी वेगळं गोडाऊन, नग आणि किलो अशी दोन एककं, बॅच, बिल ऑफ मटेरियल (एका वस्तूला काय काय लागतं त्याची यादी), हे सगळं त्यात आहे. हीट नंबर बॅच म्हणून टाकला की बिलापासून हीटपर्यंत पोचता येतं. ई-वे बिल तिथूनच निघतं, म्हणजे २४० चं २०४ होत नाही. खर्च काय? स्टोअरला एक संगणक, एकापेक्षा जास्त माणसांना चालणारा परवाना, आणि दोन-तीन महिने मामांच्या शेजारी बसणारा एक समजूतदार मुलगा. शिवाय तुमच्या सीए साहेबांना ती येते, गल्लीतल्या अकाउंटंटला येते, उद्या टॅली चालवणारी मुलगी लग्न होऊन गेली तरी दुसरी मिळते. या शेवटच्या गोष्टीची किंमत कुठल्याच कोटेशनात लिहिलेली नसते.

ती कुठं कमी पडते तेही स्पष्ट आहे. कोअर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग, मशीनिंग अशा प्रत्येक टप्प्यावर किती नग आले, किती गेले, कशामुळं गेले आणि कुठल्या मशीनवर किती तास लागले, हे तिच्याकडून नीट निघत नाही. ओतलेल्या धातूपैकी किती कास्टिंग झालं आणि किती रनर-रायझरच्या (साच्यातल्या वाटांत गोठलेल्या जादा धातूच्या) रूपात परत भट्टीत गेलं, याचा हिशोब शेवटी एक्सेलमध्येच करावा लागतो. ज्या फौंड्रीत रिजेक्शनवरच नफा ठरतो, तिथं ही उणीव मोठी आहे.

*ओळखीच्या मुलानं बनवून दिलेलं.* आपल्याकडे फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली अशी कितीतरी सॉफ्टवेअर अजून चालू आहेत. बनवणाऱ्यानं मालकाच्या डोक्यातली पद्धत जशीच्या तशी उतरवलेली असते, म्हणून ती हाताला बसलेली असतात. ती चालवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१५ मध्येच संपवला. बनवणारा मुलगा आता बेंगळूरला नोकरीला असतो आणि रविवारी फोन उचलतो. कसोटी घ्यायची तर २०२५ चा सप्टेंबर आठवा. जीएसटीचे नवे दर ३ तारखेला जाहीर झाले आणि २२ पासून लागू झाले. मध्ये एकोणीस दिवस. त्या २२ तारखेला सकाळी तुमचं पहिलं बिल नव्या दरानं बरोबर निघालं होतं का? नसेल, तर उत्तर तुमच्याकडेच आहे. हे आधी बदला, बाकीचं नंतर.

*ईआरपीनेक्स्ट आणि ओडू.* मधल्या आकाराच्या कारखान्यांनी खरा विचार करायचा तो या दोघांचा. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. मुक्त परवान्याचं आहे, म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. सर्व्हरला लागतात, बसवणाऱ्याला लागतात आणि नंतर सांभाळणाऱ्याला दर वर्षी लागतात. 'फुकट आहे' हे ऐकून उडी मारलेल्यांची सर्वात जास्त निराशा इथंच झालेली पाहिलीय. पण त्यात वर्क ऑर्डर, प्रत्येक टप्प्याचं जॉब कार्ड, बाहेर दिलेलं काम, तपासणीच्या नोंदी, बॅच, सगळं पहिल्यापासून एकमेकांना जोडलेलं आहे. बिलापासून मागं जाण्याची जी वाट टॅलीत आपण तयार करतो, ती इथं आधीच असते. भारतातल्या जीएसटीसाठी त्याला इंडिया कंप्लायन्स हे जोड-ॲप लावावं लागतं. कोटेशनात ते धरलंय का बघा.

ओडू बेल्जियमचं. दिसायला देखणं, शिकायला सोपं. पण त्याची कम्युनिटी आणि एंटरप्राइझ अशी दोन रूपं आहेत. पूर्ण हिशोब आणि गुणवत्ता तपासणी यांसारख्या आपल्याला लागणाऱ्या गोष्टी एंटरप्राइझमध्ये आहेत, आणि तिथं वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर पैसे लागतात. स्टोअर, गेट, फेटलिंग, डिस्पॅच सगळ्यांना लॉगिन द्यायचं म्हटलं की आकडा चढत जातो. मग मालक म्हणतात, एकच लॉगिन चौघांत वापरा. तसं केलं की नोंद कुणी केली हेच कळत नाही आणि सगळ्या खटाटोपाचा हेतू मागं पडतो. कारखान्यात हात जास्त आणि ऑफिसात माणसं कमी असतील, तर माझा कल ईआरपीनेक्स्टकडे. विक्रीचं काम मोठं, ऑनलाइन ऑर्डरी, दोन-तीन शोरूम असतील तर ओडू.

दोन्ही इंटरनेटवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालतात. हेस्कॉमची वीज गेली की भट्टी थांबतेच, पण गेटवर टेम्पो उभा असताना नेटही गेलं तर चलन कसं काढायचं, हे आधी ठरवून ठेवा. मोबाइलवरून काढता येतं, तेवढा सराव गेटवरच्या माणसाला हवा.

*सॅप बिझनेस वन.* हत्तरगीच्या विमानभागांच्या वसाहतीतल्या किंवा परदेशी गिऱ्हाइकांना थेट माल देणाऱ्या कारखान्याला, जिथं गिऱ्हाइकच पद्धत ठरवून देतो, तिथं याचा विचार करावा. पंचवीस-तीस माणसांच्या मशीन शॉपला मी ते सुचवणार नाही.

पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर?

ईआरपी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हा वाद होतो. मालक म्हणतात, आमच्याकडे असं नाही चालत, सॉफ्टवेअर बदला. बसवणारा म्हणतो, बदलतो, त्याचे वेगळे पैसे. जर्मनीच्या लिडल या दुकानांच्या साखळीनं माल खरेदीच्या किमतीनं मोजायची आपली जुनी रीत सोडली नाही आणि सॅपलाच आपल्यासारखं वळवत राहिली. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो घालून तो प्रकल्प त्यांनी सोडून दिला. आपले आकडे लहान, पण दुखणं तेच.

माझा नियम असा: ज्या रितीमुळं गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, ती रीत सांभाळा आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर वळवा. जी रीत फक्त 'पहिल्यापासून असंच आहे' म्हणून चालू आहे, ती सोडा. वजनावर घेतलेल्या ऑर्डरी नगांवर पाठवायची सवय ही पहिल्या प्रकारची असू शकते. चलन तीन रंगांत काढायची सवय दुसऱ्या प्रकारची आहे.

फौंड्री नसेल तर

वडगाव-खासबागेतल्या साडी व्यापाऱ्यांना, ज्यांचं सूत विणकरांकडे आणि साड्या परत दुकानात असा व्यवहार आहे, त्यांना जॉबवर्कचा वरचा सगळा भाग लागू आहे, फक्त टप्पे कमी. टॅली पुरते. रविवार पेठेतल्या घाऊक दुकानांना बिलाचा वेग आणि उधारीची यादी एवढंच महत्त्वाचं. तिथं ईआरपी म्हणजे ओझं. कुंदा आणि फरसाण बनवणाऱ्यांना माल किती दिवस टिकतो त्याची तारीख आणि काउंटरचं बिलिंग हवं. निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा कर आणि परवान्यांचा विषय निराळा आहे, त्यांनी आपल्या करसल्लागारांना शेजारी बसवल्याशिवाय डेमो बघू नये.

घ्यायचं ठरलंच तर

आधी नावं साफ करा. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बदललं. तेव्हापासून एकच पार्टी एकदा जुन्या स्पेलिंगनं आणि एकदा नव्या, अशी दोन-दोन खाती मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिली. एका खात्यावर येणं, दुसऱ्यावर जमा. वस्तूंचंही तसंच. एकाच बुशिंगला ड्रॉइंग नंबरनं एक नाव, पॅटर्नच्या नावानं दुसरं आणि कामगारांच्या बोलीत तिसरं. हा कचरा नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला तर तो तिथंही कचराच राहतो. पार्टीसाठी जीएसटी नंबर आणि वस्तूसाठी ड्रॉइंग नंबर ही ओळख धरा, म्हणजे दुहेरी नावं लगेच पकडता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत हे काम उरकलं की १ एप्रिलला नव्यात शुभारंभ करता येतो. मार्चमध्ये नको, आणि गणपतीच्या किंवा दसऱ्याच्या तोंडावर तर नकोच. खंडेनवमीला मशीनं पुसायला माणसं मोकळी असतात, नवीन पडदा शिकायला नसतात.

पहिला महिना दोन्हीकडे नोंदी ठेवा, पण तीन महिने नको. जास्त लांबलं की माणसं जुन्यातच रमतात आणि नवं सोडून देतात. स्टोअरच्या माणसाला मराठी वाचता येत असेल आणि सुपरवायझरला कन्नड, तर डेमोतच दोन्ही भाषांचे पडदे लावून दाखवायला सांगा.

बसवणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा. आमचा सगळा डेटा आम्हाला कधीही, कुठल्या स्वरूपात मिळेल? बसवणारा माणूस सोडून गेला तर पुढं कोण? आणि बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत तुमचा माणूस आहे का, की पुण्याहून येईल? पुण्याचा माणूस वाईट असतो असं नाही. पण महिनाअखेरीला बिलं अडली की सहा तासांचा प्रवास आडवा येतो.

आणि डेमोला त्यांची तयार उदाहरणं चालवू देऊ नका. स्वतःचं एक जुनं चलन घेऊन जा, शक्यतो जमलं नव्हतं ते. त्या फौंड्रीत आम्ही तसंच केलं. ४१२ नगांचं पान घेऊन बसलो आणि बसवणाऱ्याला म्हटलं, हे टाका, तीन खेपांत परत घ्या, नऊ रिजेक्ट करा आणि मग सांगा शिनोळीत आमचे किती शिल्लक. डेमो देणाऱ्यांपैकी पहिल्यानं रिजेक्ट झालेले नऊ नग शिनोळीच्या शिल्लकेतच धरले आणि १६ ऐवजी ७ हे बरोबर उत्तर यायला तीन फोन झाले. त्याला आम्ही नमस्कार केला.

शेवटी मालकांनी त्या वर्षी काहीच विकत घेतलं नाही. स्टोअरला संगणक बसवला, टॅलीत जॉबवर्क चालू केलं आणि मामांच्या शेजारी डिप्लोमा झालेली एक मुलगी बसवली. मामा सांगायचे, ती टाकायची. पहिल्या दोन महिन्यांत शिनोळीकडे पडून असलेला जुना माल सापडला, त्यातला काही वर्षाच्या मुदतीला टेकलेला होता. दीड वर्षांनी त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकानं प्रत्येक नगामागं हीटचा आणि तपासणीचा माग मागितला. तोवर टप्प्याटप्प्याचं रिजेक्शन एक्सेलमध्ये लिहून सगळे कंटाळले होते. तेव्हा मीच म्हटलं, आता घ्या. ईआरपीनेक्स्ट बसवायला चार महिने लागले, कारण नावं साफ होती आणि मुलीला माल ओळखता येत होता.

'शिनोळी'ची वही अजून टेबलावर आहे. नेट गेलं की मामा त्यात लिहितात आणि आलं की ती मुलगी पान समोर धरून आधी तेवढं भरून घेते.